कप डाव्या हाताला

तेविसाव्या वर्षी मी एका म्हाताऱ्या नटाचा भर रंगमंचावर अपमान केला आणि त्यावर कडकडून टाळ्या घेतल्या. गाढवपणाच तो. पण त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे त्या टाळ्यांचा मला पुढे दोन दिवस अभिमान वाटत होता.

सांगलीत दुपारचा प्रयोग होता. तीन अंकी कौटुंबिक नाटक, विसूभाऊ घरातले आजोबा आणि मी मोलकरीण. तिसऱ्या अंकात आजोबांपुढे चहाचा कप ठेवायचा आणि आत जायचं, एवढंच माझं काम. वाक्य एकही नाही. तेवढ्यासाठी मी तासभर आरशापुढे बसायची. काजळ काय, गजरा काय! धुणंभांडी करायला आलेली बाई नव्हे, बोहल्यावर चढायला निघालेली नवरी वाटायची. त्या दिवशी मी कप ठेवला आणि विसूभाऊंचं वाक्यच येईना. विंगेतून प्रॉम्प्टर शब्द देत होता, पहिल्या रांगेलाही ऐकू जात असेल इतक्या मोठ्याने, पण विसूभाऊ आढ्याकडे बघत बसले. आणि मी पदर खोचला, प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि म्हणाले, "आजोबा, पुढचं मी सांगू का? रोज ऐकून ऐकून मला येतंय!"

नाट्यगृह हसून कोसळलं. टाळ्या थांबेनात. मी मान उडवत आत गेले, तर विंगेत एकही माणूस माझ्याकडे बघेना. मला वाटलं, जळतायत मेले.

विसूभाऊंनी प्रयोग नीट पार पाडला. नंतर तोंडाचा रंग पुसताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शांतपणे एक गोष्ट करायला सांगितली. पुढच्या प्रयोगाला मी ती केली. पण खुर्चीत दुसराच नट बसला होता. "विसूभाऊंचं आता होत नाही," कंपनीचे मालक म्हणाले, "त्या पोरीनेसुद्धा ओळखलं."

ती पोरगी आता एकाहत्तर वर्षांची आहे, रियाधमध्ये राहते आणि अजून चिडलेली आहे.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला सांगितलं होतं, "मालतीताई, रंगभूमीच्या गोड आठवणी लिहा." गोड? बाई, चाळीस वर्षं मी मोलकरीण, शेजारीण, नर्स आणि नवऱ्यामुलाची आत्या झाले. चरित्र भूमिका म्हणतात त्याला. मान द्यायचा नसला की नाव भारदस्त द्यायचं, तशातला प्रकार. नायिका रडते तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवणारी जी कोणी असते ना, ती मी. हाताचं मनगट दिसतं, बाकीची मी चौकटीबाहेर. रस्त्यात लोक थांबवायचे आणि म्हणायचे, "तुम्ही आमच्या पोस्टात होतात ना?" मालिकेत तीन वर्षं रोज घराघरांत झाडू मारला, तरी लोकांना मी पोस्टातलीच वाटते!

बाहेरच्यांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट माहीत नसते. नायकाला चेहऱ्यावर काम मिळतं. आम्हाला काम मिळतं ते भरवशावर. वेळेवर येते, वाक्यं येतात, कुरकुर करत नाही, एवढीच आमची पुंजी. एकदा का कोणी म्हणालं, "त्यांचं हल्ली जरा विसरायला होतं," की संपलं. कोणी भांडत नाही, काढून टाकत नाही. फोन फक्त यायचा थांबतो.

यजमान गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. तो इथल्या ओलाया भागातल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं बघतो. "आई, आता आराम कर," म्हणाला. चौदाव्या मजल्यावरचा आराम! खाली बघावं तर गाड्या आणि समोर बघावं तर काचेच्या इमारतीत दिसणारी आमचीच इमारत. शेवटी नातीनेच काडी लावली. ईरा तिचं नाव. इथल्या एका मालिकेसाठी वयस्क भारतीय बाई हवी आहे, इंग्रजी वाक्यं बोलता यायला हवीत, असं तिने कुठेसं वाचलं आणि मला न विचारता माझा फोटो पाठवून दिला. "आजी, यू आर परफेक्ट," म्हणाली. भूमिका काय, तर मोलकरीण. मी म्हटलं, समुद्र ओलांडला, पण झाडू काही सुटला नाही.

कामाच्या परवानगीचे आणि इकाम्याचे, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचे, कागद व्हायला महिना गेला. मालिकेची गोष्ट जुन्या काळातली होती. वाळवंटात गाईंचा गोठा उभा करणारं एक सौदी कुटुंब, त्यांच्या पदरी असलेला इंग्रज गुरांचा डॉक्टर आणि मुलांना वाढवणारी भारतीय मोलकरीण. चित्रीकरण रियाधजवळच्या अल खर्जला, एका खऱ्या गोठ्याच्या आवारात. पहिल्या दिवशी सकाळी फाटकावर माझा पास बघितला आणि रखवालदाराने मला उतरवून कामगारांच्या दाराकडे पाठवलं. का? तर पासवर माझ्या नावाऐवजी भूमिकेचं नाव छापलेलं: भारतीय मोलकरीण. मी भडकले. मराठीत भडकले, कारण मनासारखं भडकायला मला तीच भाषा येते.

मला रोज गाडीने नेणारे नझीरभाई श्रीवर्धनचे. ते धावत आले आणि रखवालदाराला अरबीत काहीतरी सुनावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मगापासून बघतोय मी. तुम्ही त्या मालिकेत झाडू मारायच्या ना? सुनेचे कान भरायच्या? माझी आई तुम्हाला रोज संध्याकाळी शिव्या घालायची!"

अख्ख्या सौदी अरेबियात मला ओळखणारा हा पहिला माणूस. डोळे भरून आले माझे. नवा पास मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही.

गुरांच्या डॉक्टरचं काम करायला इंग्लंडहून एडविन आला होता. पंचाहत्तरीचा, उंच, वाकलेला, आवाज असा की नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणाला तरी बातमी वाटावी. पहिल्याच दुपारी नमाजाच्या सुट्टीत आम्ही तंबूत बसलो आणि आयुष्यांची अदलाबदल केली. त्याने लहानलहान गावांत दर आठवड्याला नवं नाटक करत उमेदवारी केली. पुढे टीव्हीवर पाद्री, न्यायाधीश, हवालदार, आणि सगळ्यात जास्त वेळा बटलर, म्हणजे बड्या घरातला मुख्य नोकर. म्हणाला, "मी पन्नास वर्षं दुसऱ्यांसाठी दारं उघडली." मी म्हटलं, "आणि आत आलेल्यांना चहा मी दिला." त्यालाही लोक रस्त्यात थांबवतात. त्यांना तो बँकेतला वाटतो.

तिसऱ्या दिवशी प्रसंग असा होता: डॉक्टर टेबलापाशी बसलेत, मी चहा ठेवते, ते मालकांना सांगतात की अमुक गाय वाचणार नाही. मी कप ठेवला. एडविन थांबला. दिग्दर्शक नवाफ पडद्यावर नजर लावून बसला होता. तो तरुण पोरगा, सभ्य, मला 'खाला' म्हणणारा, म्हणजे मावशी. त्याला वाटलं, वा, काय भारदस्त थांबलाय. सगळ्या सेटला तसंच वाटलं. मला नाही वाटलं. नट मुद्दाम थांबतो तेव्हा त्याची नजर कशाला तरी धरून असते. एडविनची नजर आढ्याकडे गेली होती. ते आढं मी सांगलीत बघितलेलं होतं.

माझी पाठ कॅमेऱ्याला होती. नोकरांची असतेच. चाळीस वर्षं मी या गोष्टीवर चरफडले, की बाई, आमच्या पाठीला तरी मानधन वेगळं द्या! पण त्या क्षणी माझं तोंड कोणालाच दिसत नव्हतं, फक्त एडविनला दिसत होतं. मी आवाज न करता नुसते ओठ हलवले, त्याच्या वाक्याचे पहिले तीन शब्द. ते मला येत होते, कारण ईराबरोबर तालीम करताना मी समोरच्याची वाक्यंही घोकते, जुनी खोड. एडविनने ओठ वाचले आणि वाक्य असं काही बोलला की शेजारी उभी असलेली मेकअपवाली डोळे पुसायला लागली.

दोन दिवसांनी एडविन खजूर पुढे करत म्हणाला, "मालती, तुझे ओठसुद्धा मराठीत इंग्रजी बोलतात." मग हळूच म्हणाला, की वर्षभर झालं, शब्द निसटतात. आधी वाटलं थकवा असेल. मी म्हटलं, दिग्दर्शकाला सांग, मोठ्या अक्षरांत पाट्या लिहून धरतील. तो हसला. "सांगितलं तर सगळे माझ्याशी फार चांगले वागतील. आणि मग फोन येणार नाही. इथलं हे काम एकदा पूर्ण करू दे. अर्ध्यातून घरी पाठवलेला नट म्हणून मला जायचं नाही."

अर्ध्यातून घरी पाठवणाऱ्यांपैकीच मी एक.

त्या दिवसापासून मी त्याची सगळी वाक्यं तोंडपाठ केली. घरी ईरा डॉक्टर आणि मी मोलकरीण, मग मी डॉक्टर आणि ईरा गाय. मुलगा म्हणाला, "आई, तुला चार वाक्यं आहेत आणि तू पन्नास पानं का घोकतेस?" मी म्हटलं, "बाकीची पानं कोणीतरी घोकायला नकोत का?" सेटवर मी चहाचा कप नेहमी एडविनच्या डाव्या हाताला ठेवायची आणि कॅमेऱ्याला पाठ करून तिथेच उभी राहायची. तो कप उचलायला वळला की माझे ओठ समोर. प्रत्येक प्रसंगात वस्तू जागच्या जागी आहेत ना हे बघणारी मुलगी ओरडायची, "कप उजवीकडे हवा!" मी हो म्हणायची आणि डावीकडेच ठेवायची. म्हातारपणाचा एवढा तरी फायदा हवा.

पण सहायक दिग्दर्शिका लीना मुंबईची, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एक दिवस तिने मला बाजूला घेतलं.

"आंटी, शॉट में आपका गाल हिलता है. आप होंठ क्यों हिलाती हैं?"

"नकली दाँत ढीले हैं, बेटा," मी म्हटलं.

आता हिला माझी कीव यावी एवढीच अपेक्षा होती. पण पोरगी कर्तबगार! दुसऱ्या दिवशी सकाळी मला थेट ओलायात दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याने माझं तोंड उघडून पाहिलं आणि चकित होऊन सांगितलं, की मॅडम, तुमचे सगळे दात तुमचेच आहेत. बिल प्रॉडक्शनला गेलं. लीना ते बिल घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "आंटी, मैं बेवकूफ़ नहीं हूँ. दुबई में एक ऐक्टर रेडी बैठा है. प्रोड्यूसर के लोग आख़िरी सीन देखने आ रहे हैं. एडविन सर उस दिन अटके, तो उनका पूरा काम दोबारा शूट होगा. उनके बिना."

मला असा संताप आला! पन्नास वर्षं ज्याने एकदाही उशीर केला नाही, एकदाही वाक्य चुकवलं नाही, त्याचा हिशोब एका दुपारवर? आणि बघायला कोण येणार, तर ज्यांनी जन्मात कधी नाटकाची तिसरी घंटा विंगेत उभं राहून ऐकलेली नाही अशी माणसं! नायक सकाळी अकराला उगवतो, चौदा वेळा चुकतो आणि त्याला म्हणतात मूड नाही. म्हातारा एकदा थांबला की म्हणतात, झालं यांचं.

आणि मग शेवटच्या प्रसंगाची पानं हातात आली. डॉक्टर गोठा कायमचा सोडून निघतो, अंगणात कुटुंब उभं आहे, तो मोठं भाषण करतो आणि गाडीत बसतो. मोलकरीण या प्रसंगात नाहीच! माझं नाव कापलेलं. मी विचारलं, तर कळलं, दृश्य स्वच्छ हवंय, मोलकरणीमुळे गर्दी होते. गर्दी! पंचेचाळीस किलोची मी!

मी तडक नवाफसमोर जाऊन उभी राहिले. प्रोड्यूसरचे दोन लोक त्याच्या शेजारीच बसले होते. ईराकडून चार वाक्यं नीट घोटून घेतली होती, पण रागात सगळी विसरले आणि तोंडाला येईल ते इंग्रजी बोलले. म्हटलं, "नवाफ, तुझ्या घरून एक माणूस कायमचा निघालाय. पंधरा वर्षं तुमची गुरं जगवली त्याने. आणि तू त्याला गहवा न देता पाठवणार? तुझ्या देशात? तुझी आजी हे बघेल, तेव्हा काय म्हणेल?"

गहवा म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी. ती न पाजता पाहुण्याला दारातून जाऊ देणं म्हणजे काय, हे मला इथल्या पाच वर्षांत पुरतं कळलेलं. नवाफचे कान लाल झाले. प्रोड्यूसरच्या दोघांपैकी जो वयस्क होता तो खो खो हसत म्हणाला, "खाला बरोबर बोलते. माझी आई तर टीव्ही फोडेल." झालं. गहवा आला, आणि गहव्याबरोबर मी.

पण गहवा द्यायची रीत आडवी आली. किटली डाव्या हातात, पेला उजव्या हाताने द्यायचा आणि पाहुण्याने तो उजव्याच हाताने घ्यायचा. डावीकडे ठेवून चालणार नाही. रीतभात बघायला एक गृहस्थ खास नेमलेले, ते डोळ्यांत तेल घालून उभे. मी मान डोलावली. आणि पेला उजव्या हाताने, त्याच्या उजव्याच हाताला दिला, पण उभी राहिले त्याच्या डाव्या बाजूला. घ्यायला त्याला अख्खं अंग वळवावं लागलं. रीतभातवाल्यांना बोलायला जागाच उरली नाही.

दुपारचं ऊन मावळतीकडे झुकलेलं. मागे गाईंवर पाण्याचे फवारे चाललेले. एडविनने भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्यानंतर थांबला आणि आढं नव्हतंच, म्हणून आकाशाकडे बघायला लागला. लीना नखं कुरतडत होती. मी पेला पुढे केला. तो वळला. मी ओठ हलवले. त्याने एक घोट घेतला आणि पुढचं बोलला. परत अडला, परत मी पेला भरला. इथे पेला हलवून नको म्हणेपर्यंत भरत राहायचा असतो, सगळी सोय आहे. चार पेले गहवा प्याला तो, आणि भाषण शेवटच्या शब्दापर्यंत गेलं. मग त्याने रिकामा पेला हलवला, माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसला. प्रोड्यूसरचा तो वयस्क माणूस उठून उभा राहिला. लीनाने माझ्याकडे बघितलं आणि हातातल्या यादीवर काहीतरी खोडलं. तिने कधीच कोणाला काही सांगितलं नाही. ती पोरगी पुढे मोठी होणार.

मालिका लागली. सगळ्यांनी लिहिलं, की घोट घेताघेता निरोप घेणारा तो वृद्ध डॉक्टर, ते थांबणं, घराकडे पुन्हा पुन्हा वळून बघणं, काय अभिनय! घराकडे? मेल्यांनो, माझ्याकडे बघत होता तो! इथल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात एक बाई म्हणाल्या, "मालतीताई, पूर्ण मालिका बघितली, तुम्ही कुठे दिसला नाहीत." मी म्हटलं, "शेवटच्या प्रसंगात पडद्याचा अर्धा भाग झाकणारी पाठ होती ना? ती मी." त्या म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मध्ये उभ्या होतात होय! आम्हाला नीट दिसत नव्हतं."

एडविन आता काम करत नाही. हे सगळं लिहू का, असं मी त्याला फोनवर विचारलं. म्हणाला, "खुशाल लिही. मराठी वाचणाऱ्या निर्मात्याने मला तसंही कधी काम दिलं नसतं."

त्या शेवटच्या दिवशी नझीरभाई गाडी काढत होते, तेव्हा एडविन काठी टेकत माझ्यापाशी आला होता. "एक सांग," म्हणाला, "पहिल्याच वेळी माझ्याकडे बघूनच तुला कळलं. आणि कप डावीकडे ठेवायचं कोणी शिकवलं?" मग मी त्याला सांगलीचा प्रयोग सांगितला. गजरा, पदर, टाळ्या, काही लपवलं नाही. तो हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तो म्हातारा तुला नंतर काय म्हणाला?" इंग्रजीत मी कसंबसं सांगितलं. इथे विसूभाऊंच्याच शब्दांत देते. रंग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले होते:

"मालू, उद्यापासून कप माझ्या डाव्या हाताला ठेवत जा गं. तिकडे वळलो की विंगेतल्या प्रॉम्प्टरचे ओठ दिसतात. ऐकू येत नाही मला आता. पण कंपनीत कोणाला सांगू नकोस."